घाईत वाचलेलं कलम

आमच्या दोन खोल्यांच्या मागच्या भिंतीपलीकडे कापसातून सरकी काढणाऱ्या जिनाचं आवार होतं. दिवाळी झाली की कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागायची आणि होळीपर्यंत जिन थांबायचा नाही. त्याचा आवाज काही दिवसांनी ऐकू येईनासा होतो, पण त्याची धूळ कधीच अंगवळणी पडत नाही. दुधावर साय धरण्याआधी कापसाचे तंतू येऊन बसत. वाळत टाकलेलं लुगडं घरात आणलं की झटकावं लागे, आणि झटकलं की आमच्या यांना खोकला सुटे.

यांना दमा होता. तहसील कचेरीत ते नकलनवीस होते. दिवसभर लोकांच्या खटल्यांचे आणि फेरफारांचे कागद उतरवून काढायचे, हे त्यांचं काम. मी मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. मूलबाळ नव्हतं. गावाचं नाव सांगत नाही. तालुक्याचं गाव, वर्धा जिल्ह्यातलंच. या गोष्टीतल्या काही माणसांची नातवंडं अजून तिथं आहेत.

एका हंगामात यांना सलग पाच दिवस आडवं होता आलं नाही. खुर्चीवर पुढं वाकून, गुडघ्यांवर उशी घेऊन ते बसून राहिले. डॉक्टर आले, सुई दिली, आणि जाताना दारात मला म्हणाले, "औषध मी देईन बाई, पण हवा कुठून देऊ? या जिनापासून यांना दूर न्या."

त्याच वर्षी आम्ही गावाबाहेर एक लहानसा प्लॉट घेतला. पलीकडे तुरीची शेतं होती आणि वारा उलट्या बाजूनं येई. दोन खोल्या, पुढं ओसरी, वर कवेलूंचं छप्पर, एवढंच घर बांधायचं होतं. लाकूड नाचणगावहून माझे वडील देणार होते. यांनी स्वतः रेघ न् रेघ आखून नकाशा काढला आणि पौष महिन्यात नगरपालिकेत अर्जाबरोबर दिला. पोच घेतली, घडी करून माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवली, आणि आम्ही वाट पाहू लागलो.

त्या दिवसांत सिमेंट बाजारात मिळत नसे. त्यालाही परमिट लागे, आणि परमिट मिळालं तरी माल कधी येईल ते कोणी सांगू शकत नसे. लोक वर्ष वर्ष थांबत. आमचं सिमेंट मात्र घराच्या परवानगीआधीच आलं. पुलगावला वॅगन लागली, दोन दिवसांत उचला, नाहीतर परमिट दुसऱ्याला जाईल, असा निरोप आला. आम्ही वीस पोती आणली. ठेवायला दुसरी जागा नव्हती. स्वयंपाकाच्या खोलीत फळ्या टाकून त्यावर रचली. कितीही झाकली तरी त्यांची बारीक राखाडी धूळ भांड्यांवर, अंथरुणावर येऊन बसे. मागून कापूस आणि पुढून सिमेंट. यांची छाती शिट्टीसारखी वाजू लागली.

मिस्त्री आम्हाला आधीपासून ठाऊक होते. नगरपालिकेच्या नाल्या, मोऱ्या, आमच्या शाळेची पडवी ही त्यांचीच कामं. नगरपालिकेच्या ठेकेदारांच्या यादीत त्यांचं नाव होतं, आणि त्या नावाचा त्यांना अभिमान होता. उंच, काळेसावळे, बोलणं कमी. त्यांची मुलगी माझ्या तिसरीच्या वर्गात होती. त्यामुळं ते मला बाई म्हणत ते शेजारणीला म्हणतात तसं नव्हे, मास्तरणीला म्हणतात तसं.

प्लॉट पाहायला आले तेव्हा त्यांनी पहारीनं चार ठिकाणी जमीन टोचून पाहिली. म्हणाले, "काळी माती हाय, बाई. पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेतोवर खोल जाव लागन. पन घर पक्कं होईन." मग यांच्याकडे वळून विचारलं, "परवानगी आली का, साहेब?"

"यायची आहे," हे म्हणाले.

"येऊ द्या मंग. कागद हाती आल्याशिवाय मी कुदळ मारत नाई."

मी म्हटलं, निदान करार तरी करून ठेवू, म्हणजे कागद आला की दुसऱ्या दिवशी काम सुरू. त्याला दोघेही तयार झाले.

तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली एक म्हातारे अर्जनवीस बसत. लोकांचे अर्ज, करारनामे, खरेदीखतं तेच लिहीत. त्यांनी नेहमीच्या नमुन्याप्रमाणं करार लिहून दिला. माल मालकाचा, मजुरी ठेकेदाराची, पायव्याची खोली इतकी, भिंतीची जाडी इतकी, काम पावसाळ्याच्या आधी पुरं. मिस्त्रींना सही करता येई, पण वाचायला फार वेळ लागे. त्यांनी कागद माझ्यापुढं केला.

"तुमीच वाचा, बाई. तुमचं वाचलेलं समजते."

मी वाचू लागले. मधे एक कलम होतं. बांधकामाबाबत नगरपालिकेकडून हरकत निघाल्यास त्याची जबाबदारी ठेकेदारावर राहील. वाचता वाचता माझ्या मनात आलं, की हे बरोबर नाही. परवानगी आणणं मालकाचं काम, त्याचा बोजा मिस्त्रींवर का? पण अर्जनवीस म्हणाले होते की हे कलम सगळ्याच करारांत असतं. शिवाय तिथं थांबले तर बोलणं वाढेल, मिस्त्री बिचकतील, आणि या गावात तसा दुसरा माणूस नव्हता. मी खोटं वाचलं नाही. एक शब्दही गाळला नाही. फक्त वर्गात मुलींना कविता म्हणून दाखवावी तसं इतर सगळं संथ वाचलं, आणि ते एक कलम पटकन वाचून पुढं गेले.

मिस्त्रींनी टाक हातात घेतला आणि एकेक अक्षर उभं करत सही केली.

महिना गेला. नगरपालिकेतून होकार आला नाही, नकारही नाही. हे दोनदा विचारून आले. "कमिटीपुढं आहे," एवढंच उत्तर. सिमेंटच्या वरच्या पोत्यांच्या कडा बोटाला टणक लागू लागल्या होत्या. मिस्त्री म्हणत, पावसाची हवा लागली की हे दगड होईल.

मग अर्जनविसांनीच आम्हाला तो नियम सांगितला. अर्ज दिल्यापासून महिन्याच्या आत नगरपालिकेनं काही कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं समजून काम सुरू करता येतं. त्यांनी जाड पुस्तक काढून तो मजकूर बोटानं दाखवला. मी स्वतः वाचला. तिथं तसंच लिहिलं होतं.

घरी येऊन मी यांना म्हटलं, "आता कशाची वाट पाहायची?"

"कागद येऊ दे," हे म्हणाले. "गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं असं पुस्तकात असेल. कचेरीत तसं नसतं. मी कचेरीतलाच माणूस आहे."

"आणि तुमची छाती? ती वाट पाहील का?"

त्यांनी उशी गुडघ्यांवर ओढून घेतली. मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मिस्त्रींच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून थापी घासत होते.

"काऊन घाई करता, बाई?" ते म्हणाले. "आठ-पंधरा रोज अजून पाहू."

मी त्यांना नियम समजावून सांगितला. पौषातली ती तारीख सांगितली, दिवस मोजून दाखवले. ते ऐकत राहिले. मग त्यांनी मुलीकडं पाहिलं, ती आत पाढे म्हणत होती, आणि म्हणाले, "तुमी वाचून पाह्यलं ना? तुमी वाचलं असन तं बरोबरच असन."

होळीनंतर काम सुरू झालं. मुरूम लागेपर्यंत पाया खोदला, गोटे भरले, चुन्यात जोतं उचललं. मिस्त्रींची बायकोही बरोबर असे, ती पाणी मारी आणि घमेली देई. रोज संध्याकाळी मी आणि हे चालत जाऊन पाहून येत होतो. तिथं यांना मोकळा श्वास येई. एकदा जोत्यावर बसून यांनी माझ्याकडं न पाहताच मला विचारलं, "इथं खिडकीतून तुरीचं शेत दिसेल ना?" आमच्या लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी भविष्याबद्दल विचारलेला तो मला आठवणारा एकच प्रश्न आहे.

भिंती कमरेइतक्या झाल्या तेव्हा नगरपालिकेचे ओव्हरसिअर आले. सडपातळ, नुकते नोकरीला लागलेले. त्यांनी रस्त्याच्या मध्यापासून फीत धरायला लावली, वहीत काही लिहिलं, आणि गेले. आठवड्यानं पुन्हा आले, पुन्हा मोजलं. मिस्त्रींनी चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, मी फक्त फीत धरतो. ठरवणारे वर आहेत."

तिसऱ्या आठवड्यात नोटीस आली. एक आमच्या नावानं, एक मिस्त्रींच्या नावानं. विनापरवाना बांधकाम, आणि तेही रस्ता रुंद करण्यासाठी राखलेल्या रेषेच्या आत अडीच फूट आलेलं. पंधरा दिवसांत काढून टाकावं, नाहीतर नगरपालिका काढेल.

हे आणि मी नगरपालिकेत गेलो. पहिल्यांदा मी त्यांना कोणाशी आवाज चढवून बोलताना पाहिलं, आणि दोन वाक्यांत त्यांचा श्वास संपला. मग मीच बोलले. महिन्याचा नियम सांगितला. कारकुनानं फाइल उघडली आणि एक पत्र दाखवलं. अर्जानंतर विसाव्या दिवशी लिहिलेलं. नकाशात शेजारची विहीर आणि रस्त्याची रुंदी दाखवलेली नाही, दुरुस्त करून द्यावा. पत्रावर पत्ता प्लॉटचा होता. मोकळ्या जमिनीवर पत्र देणार कोणाला? ते परत आलं होतं आणि फाइलला लागलं होतं.

"आमच्याकडून कळवलं गेलं," कारकून म्हणाला. "महिना तिथंच थांबला."

"पण आम्हाला मिळालंच नाही."

"मिळालं की नाही हे नियमात नाही, बाई. कळवलं की नाही हे आहे."

मग त्यानं आमचा करारनामा मागितला. हे जपून ठेवणारे, त्यांनी पिशवीतून काढून दिला. कारकुनानं बोट फिरवत ते कलम काढलं आणि समोरच्या कागदावर उतरवून घेतलं. मी तिथं उभी होते. मला म्हणायचं होतं, की मिस्त्रींना मीच भाग पाडलं, ते नको म्हणत होते. मी म्हटलंही. कारकुनानं मान वर केली नाही. "मिस्त्रींची सही आहे ना?" त्यानं विचारलं.

भिंती मिस्त्रींनीच उतरवल्या. मी म्हटलं, दुसरा माणूस लावते. ते म्हणाले, "दुसरा कोनी आला तं कुदळीनं पाडन. विटा फुटतीन. मी लावल्या, मीच काढतो." वैशाखाचं ऊन होतं. ते आणि त्यांची बायको, दोघांनी वरच्या थरापासून एकेक वीट सोडवली, थापीच्या कडेनं तिचा चुना खरवडला आणि बाजूला रचून ठेवली. बांधताना जितके दिवस लागले होते त्याच्या निम्मे लागले. मी शाळेतून आल्यावर विटा उचलू लागले तर ते म्हणाले, "तुमी नोका, बाई. हात फाटतीन." मी ऐकलं नाही. हे सावलीत बसून पाहत होते. त्यांना घरी जायला सांगितलं तरी जात नव्हते.

पावसाळ्याच्या तोंडावर नगरपालिकेनं मिस्त्रींचं नाव ठेकेदारांच्या यादीतून काढलं. नाल्यांचं चालू काम दुसऱ्याला दिलं. गावात खासगी कामं थोडी, आणि ज्याचं बांधलेलं पाडावं लागलं त्याला काम द्यायला लोक कचरतात. दोष कोणाचा हे कोण विचारत बसतं?

जून महिन्यात शाळा उघडली. चौथ्या दिवशी मिस्त्रींची बायको मुलीचा दाखला मागायला आली. हिंगणघाटला गिरणीच्या बांधकामावर रोजानं काम मिळालं होतं. मी दाखला लिहायला घेतला. शाळा सोडण्याचं कारण असा एक रकाना असतो. मी बराच वेळ टाक धरून बसले. मग लिहिलं, पालकांचे स्थलांतर. मुलगी माझ्या टेबलाजवळ उभी राहून मी काय लिहिते ते वाचत होती. तिला वाचता येत होतं, मीच शिकवलं होतं.

त्या पावसात उरलेली सिमेंटची पोती दगड झाली. आम्ही दोघांनी ती फरफटत मागच्या अंगणात टाकली. ते काम केल्यावर यांना तीन दिवस उठता आलं नाही.

मी अपील लिहिलं. नकाशा मंजूर करावा, आणि मिस्त्रींचं नाव पुन्हा यादीत घ्यावं, कारण चूक मालकाची होती. यांनी ते आपल्या सुंदर अक्षरात उतरवून नागपूरला, तेव्हाच्या राजधानीला, पाठवलं. पोच आली, क्रमांक आला. त्यानंतर दिवाळीच्या ऐन तोंडावर आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. गावात लोक पेढे वाटत होते. दोन महिन्यांनी आम्ही चौकशी केली तर कळलं, की तो कागद जुन्या राज्याच्या गठ्ठ्यात बांधला जाऊन भोपाळला गेला असावा. भोपाळला लिहिलं. तिथून उत्तर आलं, तुमचा जिल्हा आता या राज्यात नाही. मुंबईला लिहिलं. तिथून उत्तर आलं नाही. उत्तर न येण्याचा अर्थ काय असतो हे मला आता माहीत होतं.

यांनी नवा नकाशा काढला. घर तीन फूट मागं घेतलं, विहीर दाखवली, रस्ता दाखवला, आमच्या राहत्या घराचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहिला. पुढच्या हिवाळ्यात परवानगी आली. शिक्का, सही, सगळं. एका वर्षाच्या आत बांधकाम सुरू करावं, असं त्यात होतं. यांनी तो कागद दोनदा वाचला आणि मला दिला. "अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

मी दुसऱ्याच रविवारी हिंगणघाटला गेले. मिस्त्रींना शोधायला दुपार झाली. गिरणीच्या नव्या आवाराची लांबच लांब भिंत चालली होती, तिथं दहा-बारा गवंड्यांत ते एक होते. मला पाहून खाली उतरले, हात धुतले. माणूस वाळला होता. मुलीचं विचारलं. म्हणाले, "घरी असते. लहान्याले सांभाळते. इथली शाळा लय दूर हाय."

मी परवानगीचा कागद काढून दाखवला. "आता सगळं रीतसर आहे, मिस्त्री. तुम्हीच बांधा."

त्यांनी कागदाला हात लावला नाही, लांबूनच शिक्का पाहिला. "ठेका घेत नाई मी आता, बाई. रोजानं करतो. ठेक्याले सही कराव लागते."

मग जे सांगायला मी खरं तर आले होते ते सांगितलं. "मिस्त्री, त्या दिवशी लिंबाखाली ते एक कलम मी घाईत वाचलं. मुद्दाम. तुम्ही थांबाल म्हणून."

"मले ऐकू आलतं, बाई," ते म्हणाले. "तेवढंच पटकन वाचलं तुमी. मले समजलं. म्हनलं, पोरीची मास्तरीण हाय, आपलं वाईट काऊन करन? म्हनून बोललो नाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काही बोलू शकले असते. मुकादमानं हाक मारली. "येतो," म्हणून ते पुन्हा परांचीवर चढले. मी बस येईपर्यंत स्टँडवर उभी राहिले आणि अंधार पडायच्या आत घरी आले. यांनी विचारलं, "भेटले का?" मी म्हटलं, "हो, पण त्यांना सवड नाही." त्यांनी दिव्याची काच पुसायला घेतली.

दुसरे दोन गवंडी पाहिले. एकाला उन्हाळ्याशिवाय वेळ नव्हता, दुसऱ्यानं सिमेंटचं परमिट आधी दाखवा म्हटलं. नवं परमिट मिळालं नाही. त्या उन्हाळ्यात यांना दहा पावलं चालली तरी बसावं लागे, आणि बांधकामावर लक्ष ठेवायला मला शाळेतून रजा मिळेना. पावसाळा लागला. मग हिवाळ्यात परवानगीची मुदत संपली. मुदतवाढीसाठी अर्ज करता येईल असं आदेशाच्या तळाशी छापलं होतं. मी एकदा त्यांच्यापुढं कोरा कागद ठेवला. त्यांनी तो बाजूला सारून कचेरीचं काम ओढलं. नंतर मीही ठेवला नाही.

त्यानंतर हे जिनाचे दोन हंगाम काढू शकले. तिसऱ्याच्या सुरुवातीला, बंड्या नुकत्याच यायला लागल्या होत्या, तेव्हा गेले. प्लॉट मी विकला. घेणाऱ्यानं घर बांधलं की नाही ते मी पाहायला गेले नाही. नोकरी संपेपर्यंत मी त्याच दोन खोल्यांत राहिले. मला दमा नव्हता, त्यामुळं जागा बदलायचं काही कारण उरलं नव्हतं.